रेश्माच्या पायांचे मानकरी

रविवारी सकाळी नऊ वाजता गेटावर फ्लेक्स उभा राहिला आणि सव्वानऊला घरात भांडण उभं राहिलं.

फ्लेक्स जयराजचा होता. वीस फूट बाय दहा. डावीकडं औंधची आई यमाई, उजवीकडं साहेब, मधोमध हात जोडून स्वतः जयराज, आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून बसवावी तशी, पासपोर्टच्या फोटोतली रेश्मा. पोलीस भरतीच्या निवडयादीत तिचं नाव आलं होतं आणि आजचा सत्कार तिचा होता, ही गोष्ट फ्लेक्स नीट शोधून वाचणाऱ्याला कळत होती. मजकूर असा: ‘आई यमाईच्या कृपेने व मा. साहेबांच्या आशीर्वादाने जन्मजात अपंगत्वावर मात करून पोलीस दलात निवड झालेली आमची पुतणी कु. रेश्मा हिचे हार्दिक अभिनंदन!’

रेश्माची आई माया रांगोळीचा डबा हातात घेऊन गेटाशी आली, तिनं मजकूर वाचला आणि डबा तिथंच ठेवला.

“भाऊजी, हे काढा.”

“का ओ वैनी? फोटू बारका आला म्हणून म्हणताय व्हय? फ्लेक्सवाल्यानं घोळ केला.”

“फोटोचं मरू द्या. बुधवारी सांगलीला मेडिकल आहे पोरीची. ‘जन्मजात अपंग’ म्हणून तुम्ही हमरस्त्यावर लावलंय. कुणी फोटो काढून पाठवला तर?”

जयराज पुढाऱ्यासारखा हसला. गेल्या वर्षभरात त्यानं हे हसू कमावलं होतं. नगरपालिकेला उभं राहायचं म्हणजे एवढी तयारी लागतेच.

“आवं, मात केली असं लिवलंय की. वाचा पुढचं.”

एकवीस वर्षं मायानं ही गोष्ट विट्याच्या हवेला लागू दिली नव्हती. रेश्मा जन्मली केरळात, पाला गावी. या भागातले निम्मे पुरुष जसे सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेत, तसं मायाचा नवरा आप्पासो याचं दुकान तिथं होतं, आणि सासू साळूबाईही त्यांच्याजवळ राहायची. पोरीचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते, तळवे एकमेकांकडं तोंड करून. पाय सरळ होऊन पोरगी चार वर्षांची झाल्यावरच मायानं तिला पहिल्यांदा गावी आणली, तीही सुट्टीपुरती. तोवर ‘दुकान सोडून येता येत नाही’ हे कारण इतक्या वेळा सांगितलं गेलं, की गावाला वाटलं, आप्पासो केरळातलं सगळं सोनं एकटाच गाळतोय. दहावीनंतर मायलेकी भरतीच्या अकॅडमीसाठी विट्याला आल्या, तेव्हा रेश्मा इतकी पळत होती, की तिच्या पायांबद्दल शंका घ्यायला माणसाला आधी तिला गाठावं लागलं असतं.

आणि गेल्या आठवड्यात साळूबाईनं हे जयराजला सांगून टाकलं. शेंगा फोडता फोडता.

*

जयराजला मात्र ही बातमी कळल्यापासून झोप लागली नव्हती. आनंदानं.

पोलीस झालेल्या पोरी तालुक्यात ढिगानं होत्या. त्यांचे सत्कार होऊन होऊन शाली संपत आल्या होत्या. पण देवीनं पाय सरळ केले आणि ती पोरगी आठशे मीटर पळाली, असली गोष्ट एकच होती आणि ती त्याच्या घरात होती. साहेब अकरा वाजता येणार होते. गाडीतून उतरले की फ्लेक्स वाचतील, मग देवघरात दर्शन, मग भाषण, मग जेवण. या क्रमात खोडा एकच होता आणि तो देवघरात यमाईच्या टाकाशेजारी टेकवून ठेवलेला होता.

तपकिरी झगा, डोक्यावरून काळं वस्त्र, शांत डोळे. संत अल्फोन्सा, केरळातल्या मठातली ख्रिस्ती सिस्टर. साळूबाई आठ वर्षांपूर्वी केरळातून कायमची गावी आली, ती ही तसबीर लुगड्याच्या घडीत घालून. रोज यमाईला हळदकुंकू आणि हिच्यापुढं मेणबत्ती. घरच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, कारण घरच्यांनी देवघराकडं बघायचं कधीच सोडलं होतं. जयराजलाही ती बाई दिसली, ती उभं राहायचं ठरल्यावर.

“वैनी,” तो आवाज उतरवून म्हणाला, “आपुन एक करू. ‘जन्मजात’वर मी पट्टी मारतो, ‘अपंगत्व’वर बी मारतो. तुमी तेवढा आईला सांगून त्यो सिस्टरचा फोटू दोन तास कपाटात ठेवा. विरोधकांनी बघितला तर म्हणतील, ह्यांनी धर्म बदलला.”

मायानं क्षणभर विचार केला. तिला राजकारण आवडत नव्हतं, म्हणजे दुसऱ्याचं.

“आधी पट्टी मारा,” ती म्हणाली.

युती झाली.

*

साळूबाई स्वयंपाकघराबाहेर पुरणपोळीसाठी वेलदोडे सोलत बसली होती. वय पंच्याहत्तर, गुडघे गेलेले, कान मात्र सोयीप्रमाणे शाबूत. मायानं तिला शक्य तितक्या गोडीनं सांगितलं, की आज पाहुणे येणार, देवघरात गर्दी होणार, तर तसबिरीला धक्का लागण्यापेक्षा...

“कपाटात ठिवायची म्हंतीस.”

“दोन तास, आत्या.”

“यमाईला बी ठिवायची का?”

मागं उभा असलेला जयराज पुढं सरसावला.

“आई, यमाई आपली कुलस्वामिनी हाय. ती सिस्टर कोण आपली? मतदार हाय का विट्याची?”

“मग त्या फलकावर तुजं काय काम? तू काय पळाला व्हतास?”

रेश्माचे वडील आप्पासो दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासानं आंबून ओट्यावर चहा घेत होते. त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी नजरा आल्या, तेव्हा त्यांना कळलं की आपलं मत मागितलं जातंय. आयुष्यभर त्यांनी सोन्यातला कस नेमका सांगितला होता. माणसांच्या बाबतीत मात्र ते सगळ्यांनाच चोवीस कॅरेटचं म्हणून मोकळे होत.

“दोघींचं बी नाव घालू की फ्लेक्सवर,” ते म्हणाले. “तिचं जरा बारक्या अक्षरात.”

“दादा, तुमी चहा प्या.”

“न्हाई, मी म्हणतो, तसं बघितलं तर पाय डॉक्टरनं सरळ केलं. कोट्टायमचा डॉक्टर मी हुडकून काढला व्हता. कुणी नाव घेत न्हाई, त्यो भाग येगळा.”

“घ्या,” जयराज म्हणाला. “आता डॉक्टरचा बी फोटू लावायचा, अन् तुमचा बी. चाळीस फूट फ्लेक्स लागंल. आई, खरं सांग, तू त्या सिस्टरला नवस केलास तवा ती संत तरी झाल्ती का?”

“न्हाई. रोमवाल्यांनी पुरतं संत म्हणून जाहीर केलं ते चार वर्सांनी. दोन हजार आठला.”

“म्हंजी तवा प्रोबेशनवर व्हती! आमची यमाई किती वर्सांची परमनंट हाय, बघ.”

तो स्वतःच्या विनोदावर इतका हसला, की मायालाही ओठ दाबावे लागले. साळूबाई हसली नाही. तिनं वेलदोड्यांची ताटली बाजूला सारली.

“नवस म्या केलाच न्हाई,” ती म्हणाली.

“आं? मग चमत्कार...”

“चमत्कार तू घातलास त्यात. म्या तुला काय सांगितलं? पोरीचं पाय वाकडं व्हतं, सरळ झालं. एवढंच. देवीचं तू लिवलंस. आणि आता तूच माज्या देवघरात कोण बसावं ते सांगतोयस.”

“मग तिला ठिवलीया कशापायी एवढी वर्सं? उगंच?”

दारात रेश्मा उभी होती. सत्कारासाठी नेसवलेल्या मोरपंखी साडीत तिला नीट चालता येत नव्हतं. फ्लेक्सवर तिच्या पायांचं कौतुक आणि अंगावर त्या पायांना जखडणारी साडी, याचं कुणाला काही वाटलं नाही.

“सांग की आज्जी,” रेश्मा म्हणाली. “मला बी कळू दे माझ्या पायांची मालकी कुणाची ते.”

*

रेश्मानं हे चेष्टेनं विचारलं होतं. आजीचं तोंड बघून तिला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

“तू आठ दिसाची व्हतीस,” साळूबाई म्हणाली. “शेजारची मरियाम्मा मला घिऊन गेली, भरणंगानमला, तिच्या थडग्यापाशी. तितं लोक लेकरं घिऊन येत्यात, पाय वाकडं आसल्याली जास्ती. ती म्हणली, तू बी माग. म्या इचारलं, ही बाई कोण?”

तिनं सांगायला सुरुवात केली आणि आप्पासोंनीही कप खाली ठेवला.

“आण्णाकुट्टी म्हणायचं तिला. आई ल्हानपणीच गेली, मावशीनं वाडवली. मावशी लय कडक. तेरा वर्सांची झाली न्हाई तवर लगीन ठरवाय लागली. पोरीला मठात जायचं व्हतं. कुणी आयकंना. तवा तिनं काय केलं, भुशाच्या खड्ड्यात आतनं इस्तू व्हता, त्यात पाय घातला. वाटलं, जरासा भाजंल, रूप जाईल, लगीन मोडंल. तर घसारली अन् दोनी पाय होरपळलं. महिनं महिनं खाटंवर. मग गेली मठात. तितं तरी सुख लागावं? शाळेत शिकवाय ठिवली, जमलं न्हाई. दुखणं एक झालं की दुसरं. निम्मं आयुष्य आंथरुणात. पस्तिसाव्या वर्सी गेली. शाळंतल्या पोरांना तेवढा लळा व्हता तिचा. ती पोरं थडग्यावर मेणबत्त्या लावाय लागली, तितनं सगळं सुरू झालं.”

“आणि ती बरी का झाली नाही?” रेश्मानं विचारलं.

“त्येच म्या इचारलं. मरियाम्मा म्हणली, तिनं मागितलंच न्हाई. देवाला म्हणायची, दुखणं आनिक आसंल तर मलाच दे, दुसऱ्याला नगं. मला लय राग आला. म्हणलं, आसली कसली देवी? सोताचं भाजल्यालं पाय नीट करंना, ती माज्या नातीचं काय करनार? म्हणून म्या दुसरंच मागितलं.”

“काय?”

“म्हणलं, तू दुखणी गोळा करतीस न्हवं? मग हिला बी घिऊन जा. लंगडी पोरगी, कोण करनार, कोण सांबाळनार. माज्या ल्योकाचा जलम जाईल. घिऊन जा.”

बाहेर मांडववाला माइकवर ‘हॅलो, चेक, चेक’ म्हणत होता आणि त्याला सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं.

“म्या मराठीत मागितलं,” साळूबाई म्हणाली. “मरियाम्मा बाजूलाच व्हती, पर तिला काय कळनार? तितनं भाईर आल्यापासनं एक दीस सुखाचा गेला न्हाई मला. म्हणून ती देवघरात हाय. पाय दिलं म्हणून न्हाई. म्या जे मागितलं, ते तिनं आयकू नाई म्हणून. रोज म्हणते, बाई, त्ये सोडून दे, चुकलं माजं.”

जयराजनं आयुष्यात पहिल्यांदा बोलायची संधी सोडली. आप्पासो भिंतीकडं बघत होते. रेश्मा आपल्या साडीच्या निऱ्यांकडं, म्हणजे त्यांच्या खाली असायला हवे होते त्या पायांकडं.

माया मात्र पुढं आली आणि सासूच्या समोर पाटावर बसली.

“मरियाम्माला मराठी कळत होती, आत्या.”

साळूबाईनं मान वर केली.

“आपल्या दुकानाशेजारी पंधरा वर्षं राहिली ती. सोनं गाळणारी सगळी आपल्याकडची पोरं दिवसभर तिच्या अंगणात गप्पा मारायची. तिला मराठी शिव्यासुद्धा येत होत्या. तिनं त्याच दिवशी मला सांगितलं. म्हणाली, सासूच्या हातात लेकरू एकटं देऊ नकोस.”

“आणि तू... एकवीस वर्सं?”

“काय करणार होते? ओली बाळंतीण. भांडून कुठं जाऊ?” मायाचा आवाज कापला नाही, तिनं हे मनात पुष्कळदा बोलून पाहिलं असावं. “दर गुरुवारी प्लास्टर बदलायला जायचो, आठवतं? पाय दाबून धरायला माणूस लागायचं. दुकानात सहा जण होते. पण मी तुम्हाला बसवायचे. मुद्दाम. म्हटलं, ही तुमच्या हातात किंचाळेल, ती ऐका. मागितलंत ना, मग ऐका.”

“अगं माया,” आप्पासो म्हणाले.

“गप्प बसा तुम्ही. पहिले दोन गुरुवार तुम्ही तोंड फिरवून धरलंत, आत्या. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणालात, ‘हळू, लेकरू हाय.’ त्या दिवसापासून मी विषय मिटवला. म्हणजे मिटवला असं ठरवलं.”

रेश्मा वळली आणि साडी गुडघ्यापर्यंत धरून माडीवर निघून गेली. जिना तिनं दोन-दोन पायऱ्या घेत चढला. त्या घरात आज पायांवर एवढं बोलणं झालं होतं, पण ते जाताना कुणी बघितले नाहीत.

*

साहेब सव्वाबाराला आले. फ्लेक्सवर दोन पट्ट्या मारून झाल्या होत्या, त्यामुळं मजकूर आता ‘साहेबांच्या आशीर्वादाने मात करून’ असा वाचला जात होता. कुणावर मात, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त स्वतःचा फोटो बघितला आणि तो बरा आलाय याची खात्री करून घेतली.

देवघराच्या दारात जयराज आधी आत डोकावला. तसबीर जागेवर होती. ती हलवायला सांगायची आता कुणाची छाती नव्हती. साहेब वाकले, यमाईला नमस्कार केला, मग शेजारी बघितलं.

“ह्या कोण?”

“आमच्या आईच्या... गुरू,” जयराज म्हणाला.

साहेबांनी तीस वर्षांच्या राजकारणात समोर येईल त्याला नमस्कार करायचा सराव केलेला होता. त्यांनी अल्फोन्सालाही तितकंच वाकून हात जोडले. “लय जागृत दिसतंय स्थान,” ते म्हणाले आणि जेवायला कुठं बसायचं ते विचारलं. ज्या धर्मसंकटापायी जयराजनं आईच्या देवघरात हात घातला होता, ते साडेतीन सेकंदांत उरकलं.

सत्कारात साहेबांनी रेश्माचा उल्लेख ‘रेखा’ असा केला आणि तिला कुस्तीतल्या यशाबद्दल शुभेच्छा दिल्या. रेश्मानं शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोल म्हणून तिच्या हातात माइक दिला, तेव्हा ती म्हणाली, “जेवून जावा सगळ्यांनी.” लोकांना भाषण फार आवडलं.

*

पुढचे दोन दिवस रेश्मा आजीशी बोलली नाही. सकाळी धावायला जायची, आल्यावर जेवायची, वर जायची. साळूबाईनंही तिला हाक मारली नाही. जयराज घरात चपला हातात धरून चालत होता. आप्पासोंनी परतीचं तिकीट आठवडाभर पुढं ढकललं, हे त्यांच्या परीनं फारच झालं.

रेश्माला राग आला होता, पण तो धरायचा कुणावर, ते ठरत नव्हतं. मरण मागणाऱ्या आजीवर धरावा, तर चार वर्षांची होईपर्यंत रोज संध्याकाळी, पाय पुन्हा वळू नयेत म्हणून, आडव्या पट्टीचे बूट पायांत चढवताना तीच गाणी म्हणायची. आईवर धरावा, तर आईनं सूड म्हणून केलं त्यातूनच ही आजी तयार झाली होती. त्या तपकिरी झग्यातल्या बाईवर धरायचा तर तिनं काहीच केलं नव्हतं. तेरा वर्षांची पोर, लग्न नको हे सांगून कुणी ऐकेना म्हणून विस्तवात पाय घालते; रेश्माच्या मनात तेच फिरत राहिलं. ती एकदा सकाळी देवघरात गेली आणि तसबिरीतले पाय बघायचा प्रयत्न केला. झग्याखाली ते दिसत नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी ती खाली आली.

“आज्जी, उद्या सातची गाडी हाय सांगलीला. तू चल.”

“मी? तुजी आई...”

“आईनं पाय धरले नव्हते. ती दाराशी उभी असायची. डॉक्टर विचारतील, काय काय केलं होतं. मी सगळं खरं सांगणार हाय. मला आठवत न्हाई, तुला आठवतं.”

माया भाकरी थापत होती. तिनं वळून बघितलं नाही. “आत्या, तांबडं लुगडं नेसा,” एवढंच म्हणाली. “इस्त्री केलेलं आहे.”

*

सांगलीच्या दवाखान्यात पोरींची रांग लागली होती. वजन, उंची, डोळे, दात. शेवटी हाडांचे डॉक्टर. तरुण होते, पण दिवसभर गुडघे बघून म्हातारे झाल्यासारखे. रेश्माच्या टाचेमागचा बारीक व्रण त्यांना लगेच दिसला.

“हे काय?”

“जन्मतः पाय वळलेले होते, सर. दोन्ही,” रेश्मा म्हणाली. “माझी आजी बाहेर आहे. तिला सगळं माहीत आहे.”

साळूबाईला आत बोलावलं. तिनं उभ्या उभ्या सांगितलं: सहा प्लास्टर, दर गुरुवारी. मग टाचेमागं जरासा काप. मग तीन आठवड्यांचं मोठं प्लास्टर. मग पट्टीचं बूट, पहिलं तीन महिनं रातंदीस, मग नुसतं झोपताना, चार वर्सं. उजवा पाय डाव्यापेक्षा हट्टी. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर बघितलं.

“आज्जी, नर्स होता काय?”

“न्हाई,” साळूबाई म्हणाली. “पाय धरायला व्हते.”

मग तिला पडद्यामागं बसवलं. पलीकडून डॉक्टरांचा आवाज येत होता. चवड्यांवर चाल. टाचांवर चाल. उकिडवी बस. ऊठ. एका पायावर उभी राहा. आता दुसऱ्या. उडी मार. पुन्हा मार. साळूबाई गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होती आणि तिच्या नकळत तिची बोटं आवळली जात होती.

पाच मिनिटांनी रेश्मानं कागद घेतला, आजीला उठवलं आणि दोघी बाहेर रांगेपाशी आल्या.

“काय लिवलंय?” साळूबाईला वाचता येत नव्हतं.

“फिट.”

“म्हंजी?”

“म्हंजी पाय ठीक हायत.”

साळूबाई तिथंच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. हुंदके देऊन, मोठ्यानं, लाज सोडून. रांगेतल्या पोरींना वाटलं, या म्हातारीची नात नापास झाली; एक-दोघींनी तिला पाणीसुद्धा देऊ केलं. मागितलेलं मिळालं नाही म्हणून इतकं सुखानं रडणारं माणूस त्या दवाखान्यात दुसरं कुणी नसावं.

रेश्मा शेजारी बसून राहिली. तिनं आजीला उगी केलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. एवढ्यात जमणार नव्हतं ते. रडणं ओसरल्यावर तिनं कागदाची घडी घालून पिशवीत टाकली, आजीची पिशवीही स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि उठली.

“चल,” ती म्हणाली, “मला भूक लागलीय. आणि सावकाश ये, फरशी ओली हाय.”